इस्क्राच्या नावेचा टोप

१४ मे

तक्रार नोंदवून ठेवतो, नाहीतर पुढे कोणी म्हणेल की हा अन्याय निमूटपणे सहन करत होता.

माझी तिवई. ऑलिव्हच्या लाकडाची, आजोबांच्या हातची. तीन पाय, आणि तिन्ही पायांवर वारसाहक्क माझा. रोज सकाळी मी कॉफीचा थर्मास घेऊन बोटयार्डात येतो आणि रोज त्या तिवईवर बार्बा लुक्शा आधीच विराजमान असतात. बार्बा आपल्याकडे प्रत्येक म्हाताऱ्याला म्हणतात, पण ह्यांना ते पदवीसारखं चिकटलं आहे. त्यांनी आयुष्यभर फेरीबोटीची तिकिटं विकली. समुद्र पाहिला तो तिकिटाच्या खिडकीतून, त्यामुळे होड्यांबद्दलची त्यांची मतं फार ठाम आहेत.

"उठा की बार्बा, मला काम करायचंय."

"काम उभ्यानं करतात, प्रोफेसर. बसायचं असतं ते बघणाऱ्यानं."

मी प्रोफेसर नाही. झाग्रेबला जाऊन संस्कृत शिकून आलो, आणि तेव्हापासून स्प्लिटच्या एका वर्तमानपत्राला बेटावरच्या बातम्या पाठवतो: फेरी उशिरा आली, फेरी आलीच नाही, मोठा ऑक्टोपस सापडला. संस्कृत वाचून ऑक्टोपसवर लिहिणारा या किनाऱ्यावर मी एकटाच असेन. बार्बांना त्याचाच आनंद होतो.

बसायला जागा नसताना मी जे बांधायला घेतलं आहे त्याची हकीकत अशी. माझ्या मुलीची, इस्क्राची, एक जुनी शिडाची नाव आहे, 'लास्ता'. सध्या ती यार्डात टेकूंवर उभी आहे. फेब्रुवारीत इस्क्रा लास्तोवो बेटावरून एकटी परतत होती. बुरा, उत्तरेचा कोरडा झोंबरा वारा, सुटला आणि खाली उतरायच्या जिन्यावर असतो तो कापडी टोप फाटून त्याच्या सांगाड्याची नळी तिच्या भुवईवर आदळली. टाके पडले. ईस्टरच्या जेवणाला तिनं त्याच भुवया उंचावून जाहीर केलं की या हिवाळ्यात ती अटलांटिक ओलांडणार. एकटी.

तेव्हा मी एक वाक्य बोललो. "लाकडाचा पक्का, टणक टोप बसल्याशिवाय मी तुला बंदराबाहेर सोडणार नाही."

माझ्या मते हा नकार होता. इस्क्रा तोंडातला कोकराचा घास गिळून म्हणाली, "चालेल ताता. मग बांध."

२१ मे

टोपाचं सगळं शास्त्र एका ओळीत मावतं: त्याची वरची कड सुकाणू धरणाऱ्याच्या डोळ्याच्या खाली तरी असावी नाहीतर वर तरी, नेमकी डोळ्यासमोर कधीच असू नये. आज पुठ्ठ्याचा टोप करून नावेवर चिकटवला. इस्क्रा सुकाणूपाशी बसली.

"खाली घे. अजून खाली. मला वरून बघायचंय."

"वर ठेवला तर आत उभी राहू शकशील. पाऊस लागणार नाही."

"ताता, उंच टोप म्हणजे न मागता मिळालेलं शीड. वारा त्यालाच धरेल."

"मग मध्यम ठेवू."

"मध्यम म्हणजे बरोबर नाकासमोर!"

बार्बा लुक्शा खालून म्हणाले, "मधे भोक पाडा." दोघांनीही त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, तेव्हा त्यांनी मोठ्यानं तेच पुन्हा सांगितलं.

दुपारी यासेन्का, माझी बायको, औषधांचं दुकान बंद करून वांग्याचं जेवण घेऊन आली. तिनं एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा पुठ्ठ्याकडे. "सुकाणू कोण धरणार?"

"मी," इस्क्रा म्हणाली.

"मग वाद कसला चाललाय?"

टोप खाली आला. मला ही उंची पटलेली नाही, हे फक्त इथे लिहून ठेवतो.

९ जून

साचा सुरेख जमला. पिंपाच्या जुन्या फळ्या तशाही वाकलेल्याच असतात. त्यांच्यावर पातळ प्लायवूडचे तीन पदर एकावर एक चिकटवले आणि पट्ट्यांनी आवळले. सोडल्यावर छप्पर कमानीसारखं ताठ उभं राहिलं. इस्क्रानं त्यावर थाप मारली तर ढोलकीसारखं वाजलं. "अरे वा," ती म्हणाली, "या वेगानं जुलैत संपेल."

काल संध्याकाळी मी एकटाच मोजत होतो तेव्हा लक्षात आलं की डावी बाजू उजवीपेक्षा नखभर उंच आहे. नखभर म्हणजे नखभर. पण शास्त्रात नखभर चालत नाही. शेवटचा पदर सोलून काढला.

आज सकाळी इस्क्रा येऊन ते बघत बराच वेळ उभी राहिली. मग पोहायला गेली.

२७ जून

खिडक्यांचा पारदर्शक पत्रा आला. तो पारदर्शक नाही. धुरकट आहे, चष्म्याच्या काळ्या काचा असतात तसा. फोनवर मी स्पष्ट सांगितलं होतं, असं मला वाटतं. पलीकडची मुलगी म्हणाली, "तुम्हीच 'ऊन कमी लागेल असा' म्हणालात."

इस्क्रा म्हणाली, "रात्री मी यातून काय बघणार? माझं तोंड?"

पत्रा परत पाठवला. बदलीचा यायला वेळ लागेल म्हणाले. मी म्हटलं, सावकाश पाठवा, काही घाई नाही. चांगल्या कामाला वेळ लागतोच.

१८ जुलै

उन्हाळी पाहुण्यांनी गाव भरलं आहे. येणारा-जाणारा टोपापाशी थांबतो आणि सल्ला देतो. एका ऑस्ट्रियन गृहस्थानं विचारलं की हे कोंबड्यांचं खुराडं आहे का. बार्बा लुक्शांनी त्याला तिवईवरून न उठता सांगितलं, "नाही नाही, पिढीजात काम आहे. शिबेनिकच्या कॅथेड्रलला शंभर वर्षं लागली. हे त्यानंतरचं."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोरगी कधी निघतेय?"

"सप्टेंबरात. टोप झाला तर."

"हं," बार्बा म्हणाले. ते 'हं' मला आवडलं नाही.

६ ऑगस्ट

प्लायवूडवर काचेचं कापड आणि रेझिन चढवायला सुरुवात केली. पहिला थर बसला. दुसरा बसला. हे काम मला येतं, असं लक्षात आलं. यासेन्का दुकानातल्या काट्यावर रेझिन आणि त्यात घालायचा कडक करणारा रस मोजून देते. तिच्या हातून थेंबाची चूक होत नाही.

जेवणानंतर मला थरात भेग दिसली. लांब, बारीक, वळणदार. लगेच घासायला घेतली. खालचं लाकूड दिसेपर्यंत घासली, कारण भेगेवर दया करायची नसते.

यासेन्का शिडीवर चढून आली. "काय चाललंय?"

"भेग."

"कुठंय?"

मी तिला उरलेला तुकडा दाखवला. तिनं चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणि नखानं ती भेग उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

"केस आहे, वित्स्को. तुझा. पांढरा."

दोन्ही थर पुन्हा चढवावे लागतील. आठवडा तरी जाईल. माझ्या केसांची मला लाज वाटत नाही, पण त्यांनी अशा ठिकाणी गळू नये.

२ सप्टेंबर

आज घरात माझ्यावर आरोपपत्र दाखल झालं.

इस्क्रा नकाशे आणि दोर घ्यायला स्प्लिटला गेली आहे. यासेन्का मासे साफ करत होती. मी सहज म्हटलं की खिडकीच्या चौकटी मला जरा जाड वाटतात, नव्यानं कापाव्यात.

तिनं सुरी खाली ठेवली. "या महिन्यात ती निघाली नाही तर काय होईल?"

"पुढच्या वर्षी निघेल."

"या महिन्यात निघाली नाही तर जिब्राल्टरच्या आधीच हिवाळी वादळं गाठतील तिला. म्हणजे निघताच येणार नाही. नोकरी सोडलीय पोरीनं. तुला हे माहितीय. मला कोणी सांगावं लागत नाही की तुला हे किती नीट माहितीय."

"मी काम चांगलं करतोय, एवढंच."

"तू काम संपवत नाहीयेस."

"यासेन्का, हा संशय आहे."

"हो," ती म्हणाली आणि पुन्हा मासे घेतले. "संशयच आहे. खोटा ठरव."

अन्याय. उन्हाळाभर माझ्या हाताला फोड आले, त्याचं हे फळ. डावी बाजू खरंच नखभर उंच होती. पत्रा खरंच धुरकट होता. केसाचं सोडून देऊ.

६ सप्टेंबर

जुगो सुटला आहे. दक्षिणेचा ओला, जड, डोकं दुखवणारा वारा. भिंतींना घाम, मिठाचा गोळा, कुत्री झोपलेली. जुगोत आपल्याकडे कोणी निर्णय घेत नाही. लग्न ठरवत नाहीत, घर विकत नाहीत, शेजाऱ्याशी जुनं भांडणही उकरून काढत नाहीत. म्हणतात, वारा बदलू दे, मग बघू. आमच्या बापजाद्यांनी जे काही शहाणपण केलं ते बुऱ्यात, आणि जुगोत त्यांनी अंगावर पांघरूण घेतलं.

आज मी निर्णय घेतला.

बार्बा लुक्शा म्हणाले, "आज? ह्या हवेत? अरे, रेझिन म्हणजे काय मक्याची लापशी आहे, कुठल्याही हवेत शिजायला?"

"बार्बा, आज वरचा थर चढणार. आणि कोणी म्हणणार नाही की मी रेंगाळलो."

"कोण म्हणतंय?"

मी बाह्या सरसावल्या. आधीचा थर हाताला किंचित मेणचट लागला. जुगोत माझं कपाळही तसंच लागतं. फडक्यानं पुसून घेतलं आणि कापड पसरलं, रेझिन ओढलं, बुडबुडे काढले. जेवणाच्या आत काम संपलं. इतकं भरभर मी उन्हाळाभर काही केलेलं नाही. यासेन्काला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "शाबास रे माझ्या राजा." किती वर्षांनी म्हणाली असेल.

१० सप्टेंबर

रंग दिला. पांढरा. खिडक्या बसल्या, मागच्या कडेला धरायला लाकडी दांडा बसला, टोप डेकवर बोल्टांनी आवळला. इस्क्रा स्प्लिटहून आली ती पिशव्या खाली न ठेवताच शिडी चढली, टोपाखाली जाऊन बसली, बाहेर आली, परत आत गेली.

"ताता! घर झालं हे घर!"

तिनं मला घट्ट धरलं आणि माझ्या शर्टाला रंग लागला, किंवा तिच्या शर्टाला माझा. ती मला लहानपणापासून ताता म्हणते. संस्कृतात याच शब्दानं बाप मुलाला हाक मारतो आणि मुलगा बापालाही. कोणी कोणाला धीर द्यायचा ते त्या लोकांनी मोकळंच ठेवलं होतं.

१३ सप्टेंबर

शेजारच्या टेकूंवर ल्युब्लियानाची एक दंतवैद्य बाई आपली नाव दुरुस्त करते. आज ती बादलीभर पाणी घेऊन सुकलेल्या थराला खसाखसा घासत होती. मी विनोद म्हणून विचारलं, "दात घासताय का?"

"तसंच समजा. मागच्या आठवड्यात जुगो होता ना, त्या वेळी चढवलेला थर. ओल्या हवेत त्याला मेणासारखा घाम येतो. न धुता वर दुसरा चढवला तर धरत नाही, नुसता बसून राहतो. दातात ओल राहिली की भरण कसं सुटतं, तसं."

"कधी सुटतं?"

"आज नाही, उद्या नाही. एक दिवस, कडक काहीतरी चावताना."

मी फडक्यानं पुसलं होतं. कोरड्या फडक्यानं.

१४ सप्टेंबर

सांगून टाकलं. जेवताना, दोघींसमोर. आणि माझा मूर्खपणा असा की प्रकरण मजबूत व्हावं म्हणून एका दोषाला आणखी चार जोडले: खिडक्या गळतील, बोल्ट बारीक आहेत, दांडा सैल आहे, उंची तर मला पहिल्यापासून पटलेलीच नव्हती. एका सूत्रासाठी चार उदाहरणं द्यायची मला सवय लागली आहे.

यासेन्कानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "पुरे, वित्स्को."

"पण थर खरंच..."

"जूनमध्ये नखभर होतं. ऑगस्टमध्ये केस होता. आता घाम आहे. पुरे."

इस्क्रा उठून माझ्याजवळ आली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी आजारी असल्यासारखा. "चल ताता, बघू."

आम्ही नाण्यानं टोप वाजवून पाहिला. ज्याचा थर सुटतो त्याचा आवाज बद्द येतो म्हणतात. डाव्या कोपऱ्यात मला बद्द ऐकू आला. स्पष्ट.

"इथं. ऐक."

टक. टक. टक. इस्क्रानं कान लावला. "सगळीकडे तोच आवाज आहे."

"नीट ऐक."

"ऐकतेय मी नीट."

बार्बा लुक्शांना खाली तिवईवरूनच ऐकायला सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली, बराच वेळ ऐकलं. "प्रार्थनेची घंटा होतेय," ते म्हणाले. खरंच होत होती.

१७ सप्टेंबर

पक्का टोप तो, ज्यावर माणसं उभी राहतात. आज परीक्षा होती. यार्डातले दोन गडी चढले, मग दंतवैद्य बाई, आणि शेवटी सर्वांना आश्चर्यचकित करत बार्बा लुक्शा. त्यांनी तिवई शिडीपाशी आणली, तिच्यावर पाय देऊन वर गेले आणि टोपावर उभे राहून चौफेर पाहिलं. "इथून समुद्र मोठा दिसतो," ते म्हणाले, जणू कोणीतरी त्यांच्यापासून ते लपवून ठेवलं होतं.

टोप हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इस्क्रानं उड्या मारायला सांगितलं, त्यांनी मारल्या.

तिसऱ्या उडीला डाव्या कोपऱ्यातून कर्र असा बारीक आवाज आला.

"ऐकलं?" मी विचारलं.

कोणी ऐकलं नव्हतं. यासेन्का माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती तिच्यात राग नव्हता. तिला माझी कीव आली होती. 

२१ सप्टेंबर

हलका बुरा. आकाश धुतल्यासारखं, निर्णय घेण्यालायक. लास्ता परवाच पाण्यात उतरली. इस्क्रा सकाळी निघाली.

निघताना तिनं यासेन्काच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. मला म्हणाली, "ताता, टोपाखाली एक जागा आहे, तिथून लाट येताना दिसते पण लागत नाही. तिथं बसून तुला फोन करीन."

मी खूप काही पाठ केलं होतं. म्हणालो ते एवढंच, "दांडा धरूनच बाहेर ये."

"धरून येईन."

पांढरा टोप बराच वेळ दिसत राहिला. शीड दिसेनासं झालं तरी मला तो दिसतोय असं वाटत होतं. यासेन्का म्हणाली, "ती मासेमारीची नाव आहे, वित्स्को."

५ ऑक्टोबर

सार्डिनियाहून निरोप: "काल लाट सगळी वरून गेली. मी आत अंजीर खात होते. कोरडी!!" सोबत फोटो. टोप, खिडकीवर मीठ, अंजीर. मी तो मोठा करून डावा कोपरा पाहिला. तिथं तिचा टॉवेल वाळत आहे.

यासेन्कानं फोटो दुकानात लावला. खोकल्याचं औषध घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "ह्यांनी बांधलाय." बेटावर मी आता टोपवाला झालो आहे. दोघांनी ऑर्डर देऊ केली. मी म्हटलं, सवड नाही.

२ नोव्हेंबर

जिब्राल्टर. सुखरूप. दोन वादळं खाडीत थांबून काढली, तिसरं वाटेत लागलं. टोपाबद्दल काही नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं "पुन्हा सुरू झालं?" असं म्हटलं असतं, आणि ते बरोबरच असतं. मी उन्हाळाभर उगाच आग आग ओरडत बसलो, आता धूर दिसला तरी कोणाला हाक मारू?

वर्तमानपत्राला बातमी पाठवली: जुगोमुळे फेरी रद्द.

२७ नोव्हेंबर

कॅनरी बेटांवरून इस्क्राचा फोन. तिथं ऊन आहे म्हणाली, केळी आहेत. इथं जुगो, खिडकीचं एक दार सुटून आपटत होतं आणि मी ते बंद करायला उठत नव्हतो.

"ताता, एक विचारते. परवा-तेरवा निघेन. इथून पुढे बंदर नाही. खरं सांग, मी चिडणार नाही, शपथ. तो डावा कोपरा. खरंच काही आहे, की मला थांबवायला?"

"तुला काही दिसलं का?"

"मला नाही दिसलं. मी तुला विचारतेय. तू 'हो' म्हणालास तर इथं थांबते, सगळं उघडते, नव्यानं करते. मग या वर्षी नाही जमायचं. चालेल मला. पण तू सांग."

दार आपटलं. टेबलापलीकडे यासेन्कानं चहा ओतायचा थांबवला.

'हो' एका अक्षराचा शब्द आहे. उन्हाळाभर मी जे मिळवायला लाकूड सोलत होतो, खिडक्या परत पाठवत होतो, स्वतःचे केस घासत होतो, ते त्या एका अक्षरात होतं आणि तिनं ते माझ्या हातात आणून ठेवलं होतं. आणि मला ते म्हणता येईना. कारण नाण्याचा तो बद्द आवाज, ती तिसऱ्या उडीची कर्र, मी खरंच ऐकली की मला ऐकायची होती, हे आठवून आठवून आता मलाच कळत नाही.

"थर जुगोत चढवला," मी म्हणालो. "खालचा धुतला नाही, कोरड्या फडक्यानं पुसला. एवढं खरं आहे. आवाज खरा होता का, ते मला माहीत नाही."

"आणि बाकीचे चार? खिडक्या, बोल्ट?"

"ते मी जोडले होते."

 मग ती हसली. "अरे ताता, एवढंच तेव्हा सांगितलं असतंस तर! एकच गोष्ट, साधी! बरं. कोपऱ्यात आरपार चार बोल्ट मारते, आतून पट्टी लावते. एका दिवसाचं काम आहे."

"पट्टी पोलादाची लाव."

"पोलादाची लावते."

"आणि दांडा..."

"धरून."

फोन ठेवल्यावर यासेन्कानं खिडकी बंद केली आणि माझ्यासमोर चहा ठेवला. साखर तिनंच घातली. मी साखर घेत नाही, हे तिला माहीत आहे.

४ डिसेंबर

पट्टी बसवून ती काल निघाली. इथून पुढे फोन नाही. दिवसातून एकदा नकाशावर एक ठिपका येतो, तोही आला तर.

सकाळी यार्डात गेलो. काम काही नव्हतं, पाय गेले. लास्ताचे टेकू मोकळे उभे आहेत, खाली पांढऱ्या रंगाचे थेंब. बार्बा लुक्शांनी मला पाहिलं आणि उठले. मी त्यांना त्या तिवईवरून उठताना कधी पाहिलं नव्हतं, परीक्षेचा दिवस सोडला तर.

"बस, प्रोफेसर."

"नको बार्बा, तुम्ही बसा."

"बस म्हणतो ना."

मी बसलो. ते शेजारी उभे राहिले, हात मागे बांधून. म्हणाले, "चांगला झालाय तो टोप. मी उभा राहिलोय त्याच्यावर."

"हो."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर इथे लिहितो. मे महिन्यापासून या वहीत तिवई आहे, नखभर उंची आहे, केस आहे, जुगो आहे, डावा कोपरा आहे. टोप टिकेल. टिकला नाही तर ती दुसरं काही बांधेल. ती माझ्याहून भराभर बांधते. आता मला दुरुस्त करायला काही उरलेलं नाही, बिघडवायलाही नाही.

इस्क्रा एकटी आहे, समुद्र मोठा आहे, आणि ती परत येणार नाही अशी मला भीती वाटते.